संविधान दिनाची चित्रकला-निबंध स्पर्धा : मुलांचं स्वतःचं काही यावं म्हणून काय करावं?

कळंब्याच्या_बाई :

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरजवळच्या एका हायस्कूलमध्ये मराठी आणि इतिहास शिकवते. येत्या २६ नोव्हेंबरला आमच्या भागातल्या काही शाळा मिळून संविधान दिनाची स्पर्धा घेतोय. पाचवी ते सातवीला चित्र, आठवी ते दहावीला निबंध. विषय ढोबळमानाने 'संविधानाने दिलेली स्वातंत्र्ये' असा ठरलाय आणि आखणीचं काम माझ्याकडे आलंय. इथे कलाशिक्षक आहेत, वकील आहेत, अशा स्पर्धांना बसलेली मुलंही आहेत, म्हणून सविस्तर विचारते.

'भारतीय संविधान : लोकशाहीचा आधारस्तंभ' असा विषय दिला की काय येतं ते मला पाठ झालंय. निबंधाची पहिली ओळ '२ वर्षे, ११ महिने आणि १८ दिवस'. मग जगातलं सर्वांत मोठं लिखित संविधान. शेवटी 'चला तर मग, आपण सर्वजण शपथ घेऊया'. गठ्ठाच्या गठ्ठा तपासला तरी कुठल्या गावच्या पोराने लिहिलंय, त्याच्या घरात कोण काय करतं, काही म्हणजे काही कळत नाही. चित्रांत उघडं पुस्तक, वर तराजू, मागे तिरंगा, कोपऱ्यात कबुतर आणि बाबासाहेबांचं उंचावलेलं बोट. बाबासाहेबांचं चित्र काढू नये असं माझं मुळीच म्हणणं नाही. पण ते शेजारच्याचं बघून काढलेलं असतं, आणि 'बाळा, यातलं कुठलं स्वातंत्र्य तुझ्या वाट्याला आलंय?' असं विचारलं की मूल नुसतं माझ्याकडे बघत राहतं.

आता एका चित्राचं सांगते. मागे एका ठिकाणच्या स्पर्धेला मी मुलं घेऊन गेले होते. तिथे सहावीतल्या एका मुलीने घराचं दार काढलं होतं, अर्धं उघडं. बाहेर भिंतीला टेकवलेली लाल सायकल, मागच्या चाकाला कुलूप. किल्ली आत खुंटीवर, एका शर्टाशेजारी लटकवलेली. शर्ट वडिलांचा होता हे खिशाला लावलेल्या पेनावरून आणि चष्म्याच्या घरावरून कळत होतं. खाली पेन्सिलीने लिहिलेलं, 'दादा जातो. मी कधी?' आकाश रंगवायचं राहून गेलेलं. परीक्षकांनी ते बाजूला काढलं. विषयाला धरून नाही म्हणाले. प्रदर्शनातही लावलं नाही, कारण बक्षीस समारंभाला पालक येणार होते. माझ्या मते त्या सबंध हॉलमध्ये विषयाला धरून असलेलं ते एकच चित्र होतं.

म्हणून तीन गोष्टी विचारते. विषय कसा द्यायचा? गुण कशाला द्यायचे? आणि असं अवघड जागेचं काही समोर आलं तर आयोजकांनी काय करायचं? तिसऱ्याचं उत्तर मला सूचनापत्रक काढायच्या आधीच हवंय, कारण स्पर्धेच्या दिवशी ऐनवेळी कुणी धीर करत नाही.


पोस्टर_कलर :

बाई, मी कलाशिक्षक. शहरातल्या एका शाळेत आहे. तुम्ही ज्या चित्राचं वर्णन केलंत त्यात किल्ली कुठे टांगायची हे त्या मुलीला कुणी शिकवलं नव्हतं, ती तिने रोज बघितली होती. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला तरी त्यातच दिसतं.

आपली मुलं एलिमेंटरी-इंटरमिजिएटची तयारी करतात. त्यात स्मरणचित्र असतं : बाजार, पाणवठा, बस थांबा, जत्रा. तिथे मुलं माणसं काढतात, वाकलेली, भांडणारी, डोक्यावर पाटी घेतलेली. हीच मुलं 'संविधान' म्हटलं की पोस्टर करायला बसतात आणि माणसं गायब होतात. तेव्हा हा विषय पोस्टर म्हणून देऊच नका, स्मरणचित्र म्हणून द्या. 'नळाला पाणी आलंय आणि गल्ली गोळा झालीय.' 'ग्रामसभेत एक बाई उठून बोलतेय.' 'एसटीच्या खिडकीतून पहिल्यांदा एकटीने बघितलेलं.' हक्काचं नाव घ्यायची गरज नाही, तो चित्रात आपोआप येतो. आणि सूचनेतच सांगून टाका की या वेळी झेंडा, पुस्तक, तराजू, कबुतर आणि तुटलेली साखळी चालणार नाही. मी वर्गात हे करून बघितलंय. सुरुवातीला मुलं कावरीबावरी होतात, कागद कोरा ठेवून बसतात. जरा दम धरला की कामाला लागतात.

दुसरं, मुलांना मूळ प्रतीची पानं दाखवा. आपलं संविधान हा मुळात हाताने लिहिलेला, चित्रांनी सजवलेला ग्रंथ आहे हे पुष्कळ शिक्षकांनाही माहीत नसतं. इंग्रजी प्रत प्रेम बिहारी नारायण रायजादा यांनी हाताने लिहिली, आणि नंदलाल बोस व त्यांच्या शांतिनिकेतनच्या शिष्यांनी ती चितारली. उद्देशिकेच्या पानाची सजावट ब्योहार राममनोहर सिन्हा यांची. पंधरावा भाग निवडणुकांचा आहे आणि त्याच्या माथ्यावर शिवाजी महाराज आणि गुरू गोविंदसिंग आहेत. मुलांना हे पान दाखवलं की ती पुढे सरकून बघतात. मग मी विचारतो, निवडणुकीचा भाग आहे, मतपेटी कुठाय? नाही ना. नंदलालबाबूंनी मजकुरात लिहिलंय तेच परत काढलं नाही. एवढं कळलं की मूल तराजू सोडायला तयार होतं.

जवळचं काढायची लाज वाटू नये म्हणून आबालाल रहिमान यांची चित्रं दाखवा. मुंबईला जे. जे.त शिकून आलेला माणूस, पण कोटितीर्थ, रंकाळा, इथलंच पाणी आणि इथलीच झाडं रंगवत राहिला.

बाकी व्यवस्थेचं थोडक्यात. कागद आणि रंग आयोजकांनी द्यावेत, सगळ्यांना सारखे. नाहीतर बारा रंगांची पेटी आणि अठ्ठेचाळीसची पेटी अशी स्पर्धा होते. चित्र जागेवरच काढायचं, पालक हॉलबाहेर. फिनिशिंगला गुण कमी ठेवा. परीक्षकांनी चित्र चालू असताना मुलांमधून फिरावं आणि प्रत्येकाला 'यात काय चाललंय?' एवढंच विचारावं. मूल जे सांगतं ते ऐकल्यावर निम्म्या चित्रांचे गुण बदलतात.


जुनं_कोर्ट :

मी वकिली करतो. कायद्याच्या बाजूने सांगतो, कारण अशा स्पर्धांच्या माहितीपत्रकांत तिथेच घोळ होतो.

कलम १९ मध्ये आज सहा स्वातंत्र्यं आहेत. बोलण्याचं आणि व्यक्त होण्याचं, शांततेने आणि शस्त्रांशिवाय एकत्र जमण्याचं, संस्था-संघटना काढण्याचं, देशभर फिरण्याचं, कुठेही राहण्याचं, आणि कुठलाही व्यवसाय करण्याचं. पूर्वी मालमत्तेचं सातवं होतं, ते १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने या कलमातून काढलं. जुन्या गाईडांतून उतरवलेल्या निबंधांत ते अजून सापडतं, तेव्हा परीक्षकांना आधी सांगून ठेवा.

संघटनेच्या स्वातंत्र्यात ९७ व्या घटनादुरुस्तीने 'सहकारी संस्था' हे शब्द आले. ती २०१२ मध्ये लागू झाली. कोल्हापुरात यावर कुणी निबंध लिहून घेत नाही याचं मला फार वाईट वाटतं. पहाटे किटली घेऊन दूध संस्थेत रांगेला उभं राहणारं पोर तुमच्या प्रत्येक वर्गात असणार. फॅट कोण मोजतं, आईच्या नावावर सभासदत्व आहे का बाबांच्या, वार्षिक सभेत आई बोलते का, एवढं जरी त्याने लिहिलं तरी मूलभूत हक्कावरचा तो पहिल्या प्रतीचा निबंध होईल.

एकत्र जमण्याचं उदाहरणही लांबचं नको. २१ आणि २२ मार्च १९२० ला माणगावला बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली आणि शाहू महाराज तिथे स्वतः आले. ते माणगाव आपल्याच हातकणंगले तालुक्यातलं. अगदी आजचं हवं असेल तर मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच घ्या. ते १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सुरू झालं, आणि त्याआधी कित्येक वर्षं इथल्या वकिलांनी मोर्चे काढले, साखळी उपोषणं केली, कामकाजापासून लांब राहिले. माझे वडीलधारे सहकारी त्यासाठी रस्त्यावर उतरलेले मी बघितलेत. 'माझ्या ओळखीच्या कुणी, कशासाठी मोर्चा काढला?' हा आठवीच्या मुलाला झेपणारा विषय आहे, फक्त घरी जाऊन विचारावं लागेल.

आता सायकलचं. कायदा सांगायचा तर कलम १९ आहे मुख्यतः सरकारला रोखण्यासाठी. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने बहुमताने म्हटलंय की १९ आणि २१ मधले हक्क सरकारखेरीज इतरांविरुद्धही बजावता येतात, पण ते सगळं शाळेच्या स्पर्धेत मुलांच्या डोक्यावर ओतायची गरज नाही. काही कलमं मात्र आधीपासूनच तुम्हाआम्हाला, शेजाऱ्याला, दुकानदाराला थेट लागू आहेत. १७ अस्पृश्यतेचं. १५(२) दुकानं, हॉटेलं, विहिरी, घाट, रस्ते यांचं. २३ वेठबिगारीचं. २४ बालमजुरीचं. त्या मुलीने वडिलांवर खटला भरला नव्हता, प्रश्न विचारला होता. तो विषयाबाहेर कसा ठरतो ते मला कळत नाही.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर सरळ आहे. कलम १९(२) मध्ये बोलण्यावर बंधन कशाकशासाठी घालता येतं त्याची यादी दिलेली आहे : देशाची अखंडता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता व नीतिमत्ता, न्यायालयाची बेअदबी, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी. पालकांना अवघडल्यासारखं होईल, हे कारण त्यात नाही. तुम्ही स्वातंत्र्यावर स्पर्धा घेणार असाल तर हीच यादी तुमच्या सूचनापत्रकात टाका आणि तिच्याबाहेरच्या कारणासाठी कुठलीही कलाकृती उतरवणार नाही असं लिहून द्या.

मोठ्या मुलांना दोन निकाल गोष्टीसारखे सांगा. एक आपल्या मराठी वर्तमानपत्राचा. १९६० साली सरकारने आदेश काढला की अमुक किमतीत दैनिकाने अमुकच पानं द्यायची. 'सकाळ' त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९६१ मध्ये जिंकलं. पानं कमी करायला लावणं किंवा किंमत वाढवायला लावणं म्हणजे वाचकापर्यंत पोचणं तोडणं, असं न्यायालयाने धरलं. दुसरा केरळमधल्या तीन भावंडांचा. एक दहावीत, एक नववीत, एक पाचवीत. राष्ट्रगीताला ती अदबीने उभी राहायची, पण धार्मिक श्रद्धेमुळे गायची नाहीत. १९८५ मध्ये शाळेने काढून टाकलं. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परत घ्यायला लावलं. तुमच्या नववीच्या वर्गात यावर नुसती चर्चा लावा, वर्ग दोन्हीकडे वाटला जाईल. जाऊ द्यावा. निबंध त्यातूनच निघतील.


निवृत्त_मुख्याध्यापक :

सर्वांचे वाचले. मला एवढेच सुचवायचे आहे की या वयात मुलांना हक्कांपेक्षा कर्तव्ये शिकवावीत. आधीच मुले उलट बोलू लागली आहेत. संविधानात कर्तव्येही आहेत याचा विसर पडू नये. स्पर्धेचा विषय 'माझी मूलभूत कर्तव्ये' असा ठेवल्यास शिस्तही राहील आणि वादही टळतील.


कळंब्याच्या_बाई :

सर, नमस्कार. तुमच्याबद्दल आदर ठेवूनच लिहिते. कर्तव्यांचा भाग १९७६ मध्ये ४२ व्या घटनादुरुस्तीने आला. त्या ५१क कलमात वैज्ञानिक दृष्टी आणि चौकस बुद्धी जोपासणं हे सुद्धा नागरिकाचं कर्तव्य म्हणून घातलंय. म्हणजे प्रश्न विचारायला शिकवणं हे कर्तव्यातच आलं. आणि २००२ च्या घटनादुरुस्तीने तिथे आणखी एक कर्तव्य आलं, सहा ते चौदा वर्षांच्या पाल्याला शिक्षणाची संधी देण्याचं. ते आईवडिलांवर आहे, मुलांवर नाही. तेव्हा कर्तव्यांवर चित्रं काढायला लावली तरी सायकलचं कुलूप पुन्हा आपल्यासमोर येणारच.

मुलं उलट बोलतात म्हणालात. माझ्या वर्गातली जी मुलं उलट बोलतात त्यांची मला चिंता नाही, सर. जी अजिबात बोलत नाहीत त्यांची आहे, आणि त्यात मुली जास्त आहेत.

वकील साहेब, दूध संस्थेचं मी आजच वर्गात विचारलं. एका मुलीने सांगितलं की संस्थेत रोज दूध ती घालते, म्हशीचं सगळं आई करते, आणि बिल काकांच्या खात्यावर जमा होतं. तिने हे तक्रार म्हणून सांगितलं नाही, असंच असतं म्हणून सांगितलं. मी तिला म्हटलं, हेच लिही, एक अक्षर बदलू नकोस.


राजारामपुरी_नववी_गल्ली :

मी लॉ कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे. शाळेत असताना अशा स्पर्धांना आमची टीमच असायची, म्हणून आतलं सांगतो.

आमच्याकडं निबंध स्पर्धा म्हणजे काय असतंय? विषय पंधरा दिवस आधी येतोय. मग कोणतरी सर मॅटर देत्यात. ते मॅटर पाठ करायचं, अक्षर चांगलं असलेल्या पोरीला बसवायचं, सुरुवातीला एक सुविचार आणि शेवटाला एक कविता. आता तर मॅटर द्यायला सर पण लागत नाहीत, मोबाईलला सांगितलं की तो लिहून देतोय, ते पण पाहिजे तेवढ्या शब्दांत. म्हणून बाई, घरून लिहून आणा म्हणू नकाच, आणि विषय आधी फोडू नका.

माझं म्हणणं, चिठ्ठ्या करा. हॉलमध्ये आल्यावर प्रत्येकानं एक चिठ्ठी उचलायची. चिठ्ठीवर संविधानातली एक गोष्ट साध्या मराठीत, आणि खाली एक प्रश्न, ज्याचं उत्तर त्या पोरालाच माहीत असंल. पंचवीस-तीस वेगवेगळ्या केल्या तरी बास. शेजारच्याचं बघून काय उपयोगच नाही मग. आणि निबंधच पाहिजे असं का? पत्र चालू दे, अर्ज चालू दे, आज्जीची मुलाखत चालू दे. ज्या पोराला 'प्रस्तावना, मुख्य भाग, उपसंहार' जमत नाही त्याला सरपंचाला अर्ज लिहायला सांगा, झकास लिहील. आमच्या गल्लीत स्ट्रीटलाईटसाठी अर्ज सातवीतल्या पोरानं लिहिला होता. त्यात अंधारामुळं कुणाच्या आईला क्लासवरनं पोरगीला आणायला रोज यायला लागतंय ते नावासकट होतं. त्या अर्जावर दिवा लागला. ते फिरण्याचंच स्वातंत्र्य की.

आणि पल्लेदार वाक्याला गुण देऊ नका. 'मी बघितलं' असं कुठं आलंय ते शोधा आणि तिथं द्या.

आणखी एक. माझी मावसबहीण अमेरिकेत असते, तिच्या पोरीला शाळेत असाच विषय होता. त्यांच्या पहिल्या घटनादुरुस्तीत, १७९१ ची आहे ती, पाच गोष्टी एकाच वाक्यात बसवल्यात : धर्म, भाषण, वृत्तपत्रं, जमणं, आणि सरकारकडं दाद मागणं. त्या पोरांना एक केस हमखास सांगत्यात. व्हिएतनाम युद्धाच्या निषेधात शाळेत काळी फीत बांधून आलेल्या मुलांना घरी पाठवलं, आणि १९६९ मध्ये त्यांचं सुप्रीम कोर्ट म्हणालं की शाळेच्या फाटकातनं आत आलं म्हणून मुलाचं स्वातंत्र्य बाहेर राहत नाही. त्यातली एक मुलगी तेव्हा तेरा वर्षांची होती. वर वकील साहेबांनी केरळची केस सांगितली, ती याच्या जोडीला ठेवा. आठवी-नववीच्या पोराला आपल्या वयाची पोरं कोर्टापर्यंत गेलेली कळली की त्याचं बसणंच बदलतंय.


कोपीवरची_ताई :

थोडं वेगळं सांगू का? मी हंगामात ऊसतोड कामगारांच्या मुलांबरोबर काम करते. २६ नोव्हेंबर म्हणजे कारखाने ऐन सुरू असतात. तुमच्या शाळांपासून जवळच बीडकडून, मराठवाड्यातून आलेल्या टोळ्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, पडलेल्या असणार. त्यातली मुलंही सहा ते चौदाच्या आतलीच आहेत. मोफत शिक्षणाच्या हक्काचं कलम २१क त्यांनाही लागू आहे, २०१० पासून. पण स्पर्धेच्या फॉर्मवर पहिलाच रकाना 'शाळेचे नाव', खाली मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का. तिथेच ती बाद होतात. पट गावाकडच्या शाळेत आणि मूल इथे फडात.

तो रकाना सक्तीचा ठेवू नका. एवढी एक विनंती आहे. आणि ज्यांना लिहायला जड जातं त्यांनी सांगावं, कुणीतरी मोठ्या माणसाने लिहून घ्यावं, त्यांच्याच शब्दांत. मागे एका मुलीला मी 'तुझं घर काढ' म्हटलं. तिने दोन काढली. एक कुलूप लावलेलं पक्क्या भिंतींचं, दुसरं पाचटाचं. दोन्हींच्या मध्ये बैलगाडी, आणि गाडीत हंडा, कोंबडी, धाकटा भाऊ आणि दप्तर. दप्तर सगळ्यात वर बांधलेलं. मी विचारलं वर का, तर म्हणाली, खाली ठेवलं तर भिजतं. देशात कुठेही जाण्याचं, राहण्याचं स्वातंत्र्य असं आपण पुस्तकात वाचतो. या मुलांना जावंच लागतं. त्यांनी काढलेलं इतर मुलांच्या शेजारी लागलं तर तुमच्या शाळेतल्या मुलांनाही विषय कळेल.


जुनं_कोर्ट :

ताईंच्या मुद्द्याला माझा पूर्ण पाठिंबा. बाई, अजून एक सांगायचं राहिलं आणि ते महत्त्वाचं आहे. मुलांना मोकळं केलंत की एखादं मूल असं काही लिहील किंवा काढील की ज्यात त्याच्यावर होणारा अत्याचार दिसेल. ते प्रदर्शनात लावायचं नसतं आणि फाईलमध्ये दाबूनही ठेवायचं नसतं. लैंगिक अत्याचाराची शंका आली तर २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, शिक्षकांनाही. बाकी त्रासासाठी १०९८ हा मुलांचा हेल्पलाईन क्रमांक आहे. परीक्षकांमध्ये एक व्यक्ती अशी ठेवा की जिच्याकडे हे कागद लगेच जातील आणि जी मुलाशी एकांतात, समजुतीने बोलू शकेल. कलाकृती लपवणं वेगळं आणि मुलाला सांभाळणं वेगळं, हा फरक सगळ्या परीक्षकांना आधी बसवून सांगा.


कळंब्याच्या_बाई :

सगळ्यांचे मनापासून आभार. मुख्याध्यापक सर, तुमचेही. तुमच्यामुळे ५१क मी नीट काढून वाचलं.

शाळांची बैठक झाली. काय ठरलं ते लिहिते. विषय आधी जाहीर होणार नाही, फक्त 'संविधान आणि माझ्या आजूबाजूचं' एवढंच पत्रकात येईल. निबंधाला चिठ्ठ्या. चित्र म्हणजे स्मरणचित्रच, चिन्हांची बंदी त्यात लिहिलीय. कागद-रंग आम्ही देणार. शाळेचा रकाना ऐच्छिक केला, त्यावर एका शाळेने बराच हट्ट धरला, पण शेवटी झालं. ताई, तुमच्या मुलांना आणायला गाडीची सोय करते, तुम्ही फक्त त्यांच्या आईवडिलांशी बोलून ठेवा. सकाळी टोळी फडात गेल्यावर मुलांना कोण तयार करणार हेही बघावं लागेल.

१९(२) ची यादी पत्रकात छापायला दोन शाळा तयार नव्हत्या. एवढं कायद्याचं कशाला, म्हणाल्या. मी अडून बसले, कारण त्याशिवाय ही स्पर्धा घ्यायची माझी इच्छाच नव्हती. छापली जातेय. तिच्याखाली ओळ आहे : 'या यादीबाहेरच्या कारणासाठी कोणतीही कलाकृती प्रदर्शनातून काढली जाणार नाही. मुलाच्या सुरक्षिततेचा प्रश्न असल्यास ती प्रदर्शित न करता त्या मुलाशी स्वतंत्र बोलले जाईल.' कुणा व्यक्तीचं नाव घेऊन काही लिहिलं असेल तर नाव झाकायचं का, हे त्या मुलालाच विचारणार.

चिठ्ठ्या करायला घेतल्यात. इतिहासाच्या बाजूने मी भर घालतेय. गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात शाहू महाराज मुद्दाम जाऊन चहा प्यायचे, त्यावरून 'तुझ्या गावात असं एक ठिकाण सांग जिथे सगळे एकत्र बसून चहा पितात. तिथे कोण येत नाही?' महाराजांनी संस्थानात काही जातींवर लादलेली, गावच्या अधिकाऱ्यांपुढची रोजची हजेरी बंद केली आणि जन्मावरूनच गुन्हेगार ठरवून फिरण्यावर बंधनं घालणारा, १८७१ पासून चालत आलेला गुन्हेगार जमातींचा कायदा देशभरात १९५२ मध्ये गेला, त्यावरून 'तुला कुठे जाताना कुणाची परवानगी लागते? तुझ्या भावाला लागते का?' बिंदू चौकातले बाबासाहेबांचे आणि जोतिरावांचे पुतळे ९ डिसेंबर १९५० ला उभे राहिले, बाबासाहेब हयात असताना, त्यावरून 'तुझ्या गावात कुणाचा पुतळा नाही, पण असायला हवा?'

राजारामपुरीच्या दादा, चिठ्ठ्यांची भाषा जरा बघून देशील का? माझी पुस्तकी होते.


राजारामपुरी_नववी_गल्ली :

देतो की. पुतळ्याची भारी आहे. तिसावी चिठ्ठी कोरी ठेवा, ज्याला ती येईल त्यानं स्वतःचा प्रश्न लिहायचा आणि स्वतःच उत्तर द्यायचं.


पोस्टर_कलर :

कागदाचं माझ्याकडे लागलं. परीक्षक म्हणून येतो, एक अट आहे. आम्ही तिघांनी निकाल लावल्यावर उरलेली सगळी चित्रं पुन्हा एकदा जमिनीवर पसरायची आणि एक बक्षीस त्यातून द्यायचं. बाजूला पडलेल्या गठ्ठ्यात काय राहून जातं ते तुम्ही सुरुवातीलाच सांगितलंय.